खाऱ्या पाण्यातलं नाम

सुलक्षणा बाळंतपणाला विंझरला, तिच्या माहेरी निघाली, त्या सकाळी तिनं मला टाकीसमोर उभं केलं. गाडी दारात लागली होती, माझा मुलगा अजित पिशव्या नेऊन ठेवत होता, विहीणबाईंचे फोनवर फोन येत होते, तरी तिचं सांगणं संपत नव्हतं.

सुलक्षणा माझी सून. लग्नाला तीन वर्षं होत आली, पण आमच्यात अजून पाहुणेपण होतं. ती मला "अहो आई" म्हणायची, विचारलं तेवढं सांगायची, आपली कामं आपण करायची. भांडण कधी नाही. पण हक्कानं काही मागणंही कधी नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा म्हणाली, "अहो आई, मी येईपर्यंत एवढे दोन जीव सांभाळाल ना?"

दोन जीव म्हणजे तिच्या टाकीतले दोन मासे. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. आमचे हे त्यांना झेंडू म्हणायचे, थोरला झेंडू आणि धाकटा झेंडू. टाकी आमच्या पुढच्या खोलीत, पूर्वी टीव्ही होता त्या जागी. आणि पाणी खारं. समुद्राचं असतं तसं. आता आमच्या भोरात समुद्र कुठला? तो वरंधा घाट उतरून पार पलीकडे. पण सुलक्षणा शाळेत विज्ञान शिकवते, तिच्या मनात आलं की घरात समुद्र करायचा, आणि तिनं तो केला. खास मीठ आणून, पाण्यात कालवून, तळाला पांढरी वाळू आणि वर भोकाभोकांचे दगड रचून. सुरुवातीला कितीतरी दिवस त्यात मासाच नव्हता. नुसतं पाणी आणि दगड, आणि ही पोरगी रोज त्या पाण्याची तपासणी करायची. हे मला हळूच म्हणायचे, "तुझ्यापरास तिची पूजा मोठी हाय. तुझ्या देव्हाऱ्यात निदान देव तरी हायेत."

तिनं मला निघताना समजावलं ते एवढं : मासे खातात, घाण करतात, त्या घाणीचं पाण्यात विष होतं. त्या विषाला अमोनिया म्हणायचं. डोळ्यांना दिसत नाही, थोडं असलं तर वासही येत नाही. दगडाच्या भोकांत बारीक जिवाणू वस्तीला असतात, ते हे विष खाऊन टाकतात. पण त्यांचं जेवढं पोट, तेवढंच ते खाणार. म्हणून दाणे मोजूनच टाकायचे. आणि दाण्यांत कोळंबीचं पीठ असतं, माझ्या गळ्यात तुळशीची माळ, म्हणून तिनं लांब दांड्याचा निराळा चमचा आणून ठेवला होता. "हात लागणार नाही तुमचा," म्हणाली. मला ते फार बरं वाटलं. जी मुलगी बोलत नाही ती एवढा विचार करते, हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "तू निर्धास्त जा."

आता माझ्या नेमाचं सांगायला हवं. माझं माहेर गुंजवण्याचं. माझी आई सकाळी आंघोळ झाली, पूजा झाली, की कागदाच्या बारीक चिठ्ठ्या करायची, प्रत्येकीवर राम लिहायची, चिठ्ठी कणकेत घालून गोळी वळायची आणि नदीवर जाऊन त्या गोळ्या माशांना घालायची. मुक्या जिवाच्या पोटात नाव गेल्याशिवाय तिच्या पोटात घास जायचा नाही. लग्नात तिनं मला सोनं फारसं दिलं नाही, हा नेम दिला. इकडे आल्यावर मी तो नीरेच्या घाटावर चालवला. उन्हाळा-पावसाळा पाहिला नाही. पण अलीकडे गुडघे ऐकत नव्हते. घाटाच्या पायऱ्या उतरताना बसून उतरायची, चढताना ह्यांचा हात धरायची. हे स्कूटरवर सोडायचे, पण रोज काहीतरी बोलायचेच. "आज माशांस्नी सांगून ये, उद्यापास्नं माणूस ठेवा म्हनावं."

सुलक्षणा घरी होती तोवर मी टाकीला हात लावला नाही. वस्तू तिची. पण ती गेली, टाकी माझ्याकडे आली, आणि दुसऱ्याच सकाळी मी कणीक भिजवत असताना मनात आलं, की अगं, देवानं मासे घरीच धाडलेत की. माझ्या गुडघ्यांकडे बघून धाडलेत. मी हरभऱ्याएवढ्या पाच गोळ्या वळल्या आणि हात जोडून टाकीत सोडल्या. थोरला झेंडू लगबगीनं आला, गोळी तोंडात घेतली, बाहेर टाकली, पुन्हा घेतली, पुन्हा टाकली. मला वाटलं, नाव चाखलं आणि प्रसाद मागे ठेवला. गोळ्या सावकाश खाली गेल्या, दगडामागे दिसेनाशा झाल्या. मी चहा प्यायले. इतका निवांत चहा मी कैक वर्षांत प्यायले नव्हते.

सुलक्षणानं पाणी तपासायला शिकवलं होतं. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे, हलवायचं, थांबायचं. पाणी पिवळं झालं तर चांगलं, हिरवं झालं तर विष. हे काही माझ्या पचनी पडायचं नाही. हळदीचा रंग शुभ, ते कळलं. पण हिरवा? हिरवा चुडा, हिरवं पातळ, हिरवा खण. सुलक्षणाच्या डोहाळजेवणाला आम्ही तिला नखशिखांत हिरवं नेसवलं होतं. आणि इथे हिरवं म्हणजे मरण. मी नळी उजेडाकडे धरायची आणि माझा जीव आधी हिरव्याकडेच ओढ घ्यायचा, मग आठवायचं, की नको, पिवळंच पाहिजे.

आधी पिवळं यायचं. मग एका सकाळी त्यात हिरवी झाक दिसली. कोवळ्या पोपटी पानासारखी. मी ह्यांना दाखवली. हे म्हणाले, पिवळंच आहे, तुझा चष्मा बदल. मी सुलक्षणाला फोन लावला.

तिनं शांतपणे सगळं विचारलं. पाणी फिरवणारं यंत्र चालू आहे का, लाईट गेली होती का, कुठला मासा मेला तर नाही. मग म्हणाली, "खायला जास्त पडत नाही ना?"

मी म्हटलं, "नाही गं. तू सांगितलंस तेवढेच दाणे. चमचा सपाट करून घालते."

हे खरं होतं. मी खोटं बोलत नाही. खायला म्हणजे दाणे, आणि दाणे चमचाभर सपाटच जात होते. गोळ्यांचं माझ्या मनातही आलं नाही. आपण देवाला नैवेद्य दाखवतो तेव्हा कुणी विचारलं, देव जेवला का, तर आपण काय सांगणार? ते जेवण नसतंच. तसंच हे. गोळ्या नेमाच्या होत्या, खाण्याच्या नव्हत्या.

तिनं सांगितलं की ड्रममध्ये मीठ कालवून ठेवलेलं पाणी आहे, अजितला थोडं पाणी बदलायला सांगा. अजित शिरवळला कंपनीत कामाला. संध्याकाळी आला, रबरी नळी लावून जुनं पाणी काढलं, नवं घातलं. दुसऱ्या दिवशी नळीतलं पाणी पिवळं. मला वाटलं, झालं. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा पोपटी. त्याच्या पुढे गवतासारखं.

मी गोंधळून गेले. पाणी तर आरशासारखं स्वच्छ. मासे पोहत होते. मग विष कुठून येतंय? दाणे मी निम्मे केले. तरी हिरवं. शेजारच्या सखूबाई तांदूळ निवडत माझ्याकडे बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "गीताबाई, दिष्ट लागली आसंल. सारं गाव बघून जातंय. आन् म्या म्हंते, खारं पानी हितं कसं नांदायचं? आपलं गाव गोड्या पान्याचं." मी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मग लक्षात आलं की समुद्राला मिठानं ओवाळून काय उपयोग, तो मिठाचाच. पण ओवाळल्या.

अजितनं पुण्यातल्या दुकानदाराला विचारलं. त्यानंही तेच विचारलं, खायला जास्त जातंय का. अजितनं फोन कानाला ठेवूनच माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "आई, खरं सांग. तुला दया येते, तू जास्त दाणे टाकतेस." मी त्याला डबा दाखवला. सुलक्षणा गेली तेव्हा जेवढे दाणे होते त्यातले जेमतेम चार बोटं खाली गेले होते. त्यानं तो हलवून बघितला. मग म्हणाला, "मग काय कळत नाही बुवा."

त्याच सुमारास सुलक्षणाचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी तिला उठायचं नाही असं सांगितलं. अजित मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "तिनं रंग विचारला तर पिवळा सांग." मी म्हटलं, मला जमणार नाही. "मग फोन घेऊ नकोस." त्यामुळे तिचा फोन आला की हे घ्यायचे आणि सांगायचे, तुझी सासू देवळात गेलीया. मी तिथेच पाटावर बसलेली असायची. सुलक्षणा त्यांना म्हणाली म्हणे, "मामा, आई दुपारच्या पण देवळात असतात?" हे म्हणाले, "आता तुझ्यासाठी जास्तीची पूजा चाललीया."

आणि जास्तीचं खरंच चाललं होतं. माझं जे काही बळ आहे ते नेमात आहे, दुसरं मला काय येतं? मासे आजारी, पोरीचं बीपी, दोन्हीसाठी मी पाचाच्या अकरा गोळ्या केल्या. मन लावून वळायची. चिठ्ठीवर अक्षर नीट काढायची. टाकीत सोडताना डोळे मिटून सुलक्षणाचं नाव घ्यायची, मग होणाऱ्या बाळाचं, मग झेंडूंचं. डोळे उघडले की थोरला झेंडू लांब कोपऱ्यात असायचा. आता तो गोळीजवळ येतच नव्हता.

अकरा केल्या आणि तीन-चार दिवसांत नळीतलं पाणी खणासारखं हिरवंगार झालं.

अजित कामावर गेला होता. मी अकराच्या सुमारास टाकीकडे आले तर थोरला झेंडू वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड उघडमीट करत होता. खाली जायचा, कलंडायचा, पुन्हा धडपडत वर. धाकटा दगडाच्या आड नुसता थरथरत होता. मी ह्यांना हाक मारली. अजितला फोन लागेना, कामावर असताना त्याला फोन जवळ ठेवता येत नाही. मला दुकानदाराचं एक बोलणं आठवलं. तो म्हणाला होता, कुठे काही कुजतंय का बघा, दगड हलवून बघा. अजितनं पुढचे दगड हलवले होते. मागचा मोठा दगड तेवढा तसाच होता, तो हलवला तर सगळा रचलेला ढीग पडेल म्हणून.

मी पदर खोचला, हात दंडापर्यंत पाण्यात घातला. ह्यांनी टाकी धरली. दगड थोडा पुढे ओढला, आणि मागून पांढऱ्या लगद्याचा एक ढग उठला. नाकाला झोंबणारा वास आला. गोठ्यात सकाळी येतो तसा, पण त्याहून घाण. मी ओंजळीनं तो लगदा वर काढला. बुळबुळीत, करड्या रंगाचा. त्यात कागदाचे तुकडे. एक तुकडा माझ्या बोटाला चिकटला. निळी शाई पसरली होती, तरी अक्षर वाचता येत होतं. माझंच अक्षर. राम.

मी तशीच उभी राहिले. हातातून पाणी ठिबकत होतं.

ह्यांनी वाकून बघितलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही. ते म्हणाले, "रामाचं नाव लिवलं की दगूडसुदीक तरले म्हनत्यात. तुझं कसं बुडालं गं?" नेहमीसारखीच थट्टा केली त्यांनी, मग माझ्याकडे बघितलं. एक पातेलं आणून माझ्या हाताखाली धरलं.

मला त्या वेळी काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. मासा मरतोय हे दिसत होतं आणि माझ्यामुळे मरतोय हेही दिसत होतं. पण ते कसं, तिथेच डोकं अडत होतं. नाव कुजतं का? नावाचं विष होतं का? आईनं आयुष्यभर नदीत नाव घातलं, तिथला एक मासा कधी उलटा झालेला मी पाहिला नाही. तेच नाव, तीच कणीक, तेच माझे हात. मग पाणी बदललं म्हणून नावाचा गुण बदलला? का माझंच कुठे चुकलं, मी गुडघे वाचवले म्हणून? पातेल्यात लगदा टाकत होते आणि डोक्यात हेच फिरत होतं. त्या पातेल्याला नमस्कार करायचा की ते लांब ठेवायचं, एवढंही मला ठरवता येईना.

मग मी हात पुसले आणि सुलक्षणाला फोन लावला. हे म्हणाले, अजित नको म्हणाला होता. मी म्हटलं, मासे तिचे आहेत, आणि काय करायचं ते फक्त तिला माहीत आहे.

तिनं लगेच उचलला. "आई? आज देवळात नाही?"

"सुलक्षणा, थोरला वर येऊन तोंड वासतोय. पाणी हिरवंगार आहे. बरेच दिवस आहे, तुला सांगितलं नाही आम्ही. आणि ते माझ्यामुळे झालंय."

मी गोळ्यांचं सांगितलं. पाचाचं, अकराचं, दगडामागच्या लगद्याचं. पलीकडून पंख्याचा आवाज येत होता, आणि तिची आई विचारत होती, कुणाचा गं फोन.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती शेवटी म्हणाली. "खायला जास्त पडतंय का म्हणून. स्पष्ट विचारलं होतं."

"ते खाणं नव्हतं गं. ते नाम होतं."

"पण कणीक होती ना, आई? पाण्याला कसं कळणार ते कशासाठी घातलंय?"

मी पातेल्यातल्या लगद्याकडे बघितलं. कणीकच होती ती.

मग तिचा आवाज बदलला, शाळेत पोरांना सांगते तसा झाला. फोन मामांच्या हातात द्या आणि तो स्पीकरवर ठेवा. लगदा सगळा काढा, राहिलेला रबरी नळीनं ओढा. टाकीतलं निम्मं पाणी बाहेर. ड्रममधलं पाणी आत, पण एकदम नाही, तांब्यातांब्यानं. शेल्फवर विष मारायच्या औषधाची, पांढऱ्या झाकणाची बाटली आहे, तिची दोन झाकणं भरून ओता. दगडांना साध्या पाण्यानं धुवायचं नाही, त्यातली वस्ती मरेल. मी नळी धरली, ह्यांनी तोंडानं पाणी ओढून ती चालू केली आणि खाऱ्या पाण्याची चूळ टाकत म्हणाले, समुद्राची चव बरी हाय, मासळीची तेवढी कमी हाय. फोनवर सुलक्षणा हसली नाही. मीही नाही. बादल्या भरत होत्या, हे मोरीत ओतत होते, मी तांब्यानं नवं पाणी घालत होते. गुडघ्यांचं मला भानच नव्हतं.

नवं पाणी अर्ध्यावर आलं तेव्हा थोरला झेंडू वाळूवर आडवा झाला. मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, कल्ले हलतायत का बघा. मी बघत राहिले. आधी हलत होते, मग नव्हते.

"नाही हलत," मी म्हटलं.

"बाहेर काढा त्याला. आत राहिला तर पाणी आणखी बिघडेल."

मी चमचा शोधला नाही, माझा हातच गेला. माळ घातल्यापासून मी मासा हातात धरला नव्हता. इतका हलका असेल असं वाटलं नव्हतं.

मी त्याला फडक्यावर ठेवलं. मग सुलक्षणा म्हणाली, "मी अजितला सांगते. दुकानदार येऊन टाकी घेऊन जाईल, धाकट्यासकट. तुम्हाला उगाच त्रास. मीच नको होतं सांगायला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता. ती परत पाहुणी झाली होती. मला वाटलं, ही टाकी त्या दारातून गेली, तर मग ही पोरगी माझ्याकडे पुन्हा काही मागणार नाही. मूलही माझ्या मांडीवर ठेवताना आधी विचार करील.

मी म्हटलं, "टाकी नको नेऊस. मला सगळं कळलंय असं मी म्हणत नाही. नाव का कुजलं ते मला कळलेलं नाही. पण या पाण्यात काय घालायचं आणि काय नाही ते तू म्हणशील तसं. एक दाणासुद्धा तुला विचारल्याशिवाय जाणार नाही. मला शिकव."

"धाकट्याला दोन-तीन दिवस काहीच घालायचं नाही," ती म्हणाली. "उपास. जमेल?"

"त्याचा उपास मला जमेल."

"आणि तुमचा? सकाळपासून काही खाल्लंय का तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं. सकाळच्या गोळ्या वळल्या होत्या, पण टाकीत सोडायच्या आधीच हे सगळं झालं होतं. ताटलीत तशाच वाळत पडल्या होत्या.

"मामा," ती म्हणाली, "आईंना घाटावर घेऊन जा. आत्ताच्या आत्ता. मला रात्री त्यांनी जेवल्याचं सांगितलं पाहिजे."

हे मला स्कूटरवर घेऊन गेले. पुढे पायाशी पातेलं, माझ्या हातात ताटली. ऊन कलतं झालं होतं. पायऱ्या मी बसतबसत उतरले. लगदा पाण्यात सोडताना माझा हात थबकला. इथल्या माशांना बाधलं तर? ह्यांना विचारलं तर ते म्हणाले, "एवढुश्यानं काय व्हतंय? ही नीरा भीमेला मिळती, भीमा कृष्णेला, कृष्णा समुद्राला. मीठ आपलं आपल्या घरी जाईल." मग मी सोडला. आणि ताटलीतल्या गोळ्या सोडल्या, तर खालून लहानमोठे मासे असे झुंबड करून आले, की एकही गोळी तळाला गेली नाही. मी बघतच राहिले. इथे भूक होती, तिथे नव्हती, एवढाच फरक का? का आणखी काही? आई असती तर तिला विचारलं असतं. पण तिलाही सांगता आलं असतं असं वाटत नाही.

थोरल्या झेंडूला मी अंगणात जास्वंदीखाली पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलक्षणाचा फोन आला, पहिल्यांदाच चित्राचा. उशीला टेकून बसली होती, तोंड सुजलेलं. रडली होती हे उघड होतं, ती लपवतही नव्हती. म्हणाली, नळी दाखवा. मी नळी रंग जुळवून बघायच्या कागदाशेजारी धरली. मला ती पिवळीही दिसत होती आणि हिरवीही. मागून ह्यांनी पिवळी म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "मला खरंच समजत नाहीये. तूच बघ."

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. "उतरलंय. पुरतं नाही, पण उतरलंय. आज परत थोडं पाणी बदला. आणि गेला तो मोठाच ना?"

"थोरला."

"ती मादी होती, आई. यांच्यात मोठी असते ती मादी. आता ती गेली, तर धाकटा हळूहळू मादी होईल."

मला वाटलं फोन तुटतोय. "काय होईल?"

"मादी. काही आठवडे लागतात. त्यांच्यात तसंच असतं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे टाकीकडे बघत होते. "म्हंजे सासू गेली की सून सासू व्हती," ते म्हणाले, "यात नवीन ते काय?" आणि फोनमधून सुलक्षणाचं हसू ऐकू आलं. तिचं एवढं मोठं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. तिच्या आईनं आतून ओरडून सांगितलं, हसू नको, बीपी.

"पण मग जोडी करायला आणखी एक लहान आणावा लागेल," ती श्वास घेत म्हणाली. "घाई नाही. पाणी बरेच दिवस पिवळं राहिलं पाहिजे. ते कधी झालं ते तुम्हीच मला सांगायचं. मग मी दुकानदाराला कळवीन."

"मी सांगायचं?"

"तुम्हीच. रोज नळी तुमच्या हातात आहे ना?"

मी हो म्हटलं. मग तिनं फोन टाकीकडे फिरवायला सांगितलं. काच मी पदरानं पुसली. आत दगड, वाळू, हलणारं पाणी. धाकटा कुठेच दिसेना. मी वाकून बघितलं. तेवढ्यात दगडाच्या भोकातून नारिंगी तोंड पुढे झालं.

"आला का बाहेर?" सुलक्षणानं विचारलं.

"आला," मी म्हटलं. मग म्हटलं, "आली. थांब गं, काय म्हणू आता?"